पोलीस भरती: एका महिन्यात 'ग्राऊंड' का निघत नाही? धावताना शरीरात नेमकं काय बदलतं?

पहाटे पाच-साडेपाचला तालुक्याच्या क्रीडा संकुलावर किंवा गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर गेलात, तर धावणारी पोरं-पोरी दिसणारच. पोलीस भरतीची जाहिरात निघाली की ही गर्दी एकदम वाढते. मग तीन-चार आठवडे जातात आणि चित्र बदलतं. कुणाच्या नडगीला पट्टी असते, कुणी पायऱ्या उतरताना कठडा धरतं, तर कुणी 'शिन पेन'मुळे घरी बसलेलं असतं. जो पोरगा पहिल्या आठवड्यात सगळ्यांच्या पुढे होता, तोच अनेकदा आधी बसतो.

त्याची मेहनत कमी पडली, असं याचं उत्तर सगळे देतात. ते बहुतेक वेळा चूक असतं. शरीर व्यायामाला प्रतिसाद देतं, पण त्याचा प्रत्येक भाग आपापल्या वेगाने. रक्त काही दिवसांत बदलतं, स्नायूंना आठवडे लागतात आणि हाडांना महिने. दम वाढला म्हणून हाड तयार झालं, असं होत नाही.

महाराष्ट्रात शिपाई पदाच्या मैदानी चाचणीला ५० गुण असतात. पुरुषांसाठी १६०० मीटर धावणे (२० गुण), १०० मीटर (१५ गुण) आणि गोळाफेक (१५ गुण). महिलांसाठी लांब धाव ८०० मीटरची. या तीन गोष्टी शरीराकडून तीन वेगळ्या मागण्या करतात. त्यातली १६०० मीटरची मागणी सगळ्यात जास्त वेळ खाणारी.

सगळ्यात आधी बदलतं रक्त

पाच-सहा मिनिटं जोरात धावायचं असेल, तर लागणाऱ्या ऊर्जेचा तीन चतुर्थांशाहून जास्त वाटा ऑक्सिजनच्या मदतीने तयार होतो. म्हणजे १६०० मीटर ही मुख्यतः ऑक्सिजन पोहोचवण्याची परीक्षा आहे. बऱ्याच जणांना वाटतं की यात अडतं ते फुप्फुसांपाशी, कारण धाप तिथे लागते. पण निरोगी माणसाची फुप्फुसं पुरेसा ऑक्सिजन आत घेत असतात. खरी अडचण असते तो पुढे नेण्याची. ते काम रक्ताचं आणि हृदयाचं.

धावायला सुरुवात केल्यावर पहिला मोठा बदल दिसतो तो रक्तातल्या द्रवात, म्हणजे प्लाझ्मात. एक-दोन आठवड्यांत तो साधारण १० टक्क्यांनी वाढू शकतो. शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं, रक्ताचं एकूण प्रमाण वाढतं, हृदयाकडे परत येणारं रक्त वाढतं आणि प्रत्येक ठोक्यात जास्त रक्त बाहेर पडतं. दुसऱ्या आठवड्यात 'अरे, आज हलकं वाटतंय' असं जे वाटतं, त्यामागे मोठा हात याच द्रवाचा असतो.

इथे एक गंमत आहे. द्रव वाढतो झटपट, पण तांबड्या पेशी वाढायला बरेच आठवडे लागतात. त्यामुळे मधल्या काळात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिनचा आकडा थोडा खाली आलेला दिसू शकतो. पेशी कमी झालेल्या नसतात, त्या जास्त पाण्यात पसरलेल्या असतात.

पण कमी हिमोग्लोबिन दर वेळी असं निरुपद्रवी नसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. महाराष्ट्रातही हे प्रमाण निम्म्याहून जास्त आहे. नव्या तांबड्या पेशी बनवायला लोह लागतं. ते शरीरात नसेल तर ८०० मीटरची तयारी करणारी मुलगी कितीही धावली, तरी हा बदल अडून राहतो. तिला 'स्टॅमिना नाही' म्हणण्याआधी कुणीतरी तिचं हिमोग्लोबिन तपासायला हवं. ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते.

हृदय मोठं होतं, ते चांगलं की वाईट?

आरामात बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त फिरवतं. सराव नसलेला तरुण जीव तोडून धावला तर हा आकडा २० लिटरच्या आसपास जातो. जागतिक दर्जाच्या लांब पल्ल्याच्या खेळाडूंमध्ये तो ३५ लिटरच्या वर जाऊ शकतो.

हा फरक ठोक्यांच्या वेगामुळे पडत नाही. हृदयाचे कमाल ठोके सरावाने वाढत नाहीत, झालेच तर किंचित कमी होतात. वाढतं ते एका ठोक्यात बाहेर पडणारं रक्त. महिनोन्‌महिने जास्त रक्त येत राहिल्यामुळे डावा कप्पा ताणला जातो, मोठा होतो आणि त्याची भिंतही त्या प्रमाणात जाड होते. मग आराम करतानाचं ५ लिटरचं काम कमी ठोक्यांत भागतं. म्हणूनच नियमित धावणाऱ्याची सकाळची नाडी ७२ वरून ६० वर किंवा त्याखालीही येते.

खेळाडूंचं हृदय मोठं असतं हे स्वीडिश डॉक्टर सॉलोमन हेन्शेन यांनी १८९९ मध्ये नोंदवलं होतं. तेव्हा आजच्यासारखी सोनोग्राफी नव्हती. स्कीइंग करणाऱ्यांच्या छातीवर बोटांनी टकटक करून, आवाजावरून त्यांनी हृदयाचा आकार ताडला. नंतर कित्येक वर्षं हा आजार आहे की कमावलेली ताकद, यावर वाद चालला. आज बहुतेक वेळा ती कमावलेली ताकदच मानली जाते. मात्र हृदयाचा स्नायू जन्मजात कारणाने जाड होण्याचा एक आजार आहे, आणि तरुण खेळाडूंच्या अचानक मृत्यूमागच्या कारणांत तो मोडतो. धावताना छातीत दुखणं, चक्कर येऊन कोसळणं किंवा घरात कुणाचा कमी वयात अचानक मृत्यू झालेला असणं, यापैकी काहीही असेल तर सराव थांबवून आधी डॉक्टरांकडे जायला हवं.

पेशींच्या आतली भट्टी

रक्ताने ऑक्सिजन आणून दिला, पण स्नायूला तो वापरता आला पाहिजे. ते काम मायटोकाँड्रिया करतात. अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये जॉन हॉलॉझी यांनी १९६७ मध्ये उंदरांना बारा आठवडे पट्ट्यावर पळवलं आणि त्यांचे स्नायू तपासले. ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणारी यंत्रणा जवळजवळ दुप्पट झाली होती. माणसातही असाच बदल होतो, स्नायूभोवतीच्या केशवाहिन्याही वाढतात आणि स्नायू चरबी जास्त वापरायला शिकतो. त्यामुळे साठवलेली साखर उशिरापर्यंत पुरते.

हा बदल घडवायला दर वेळी जीव काढायची गरज नसते. शेजारच्याशी बोलता येईल अशा वेगाने बराच वेळ धावलं तरी ही भट्टी वाढते. आठवड्यातले एक-दोन दिवस वेगाचे आणि बाकीचे सावकाश, अशी लांब पल्ल्याच्या अव्वल धावपटूंची रीत असते. आपल्याकडे मैदानावर उलटं दिसतं. रोज घड्याळ लावून १६०० मीटर पूर्ण ताकदीने. म्हणजे रोज परीक्षा, अभ्यास कधीच नाही.

गोळा लांब जातो, दंड मात्र तेवढाच

गोळाफेकीत पुरुषांसाठी ७.२६० किलोचा गोळा असतो, महिलांसाठी ४ किलोचा. पहिल्या काही आठवड्यांत फेक झपाट्याने सुधारते, पण आरशात काही दिसत नाही. कारण सुरुवातीची ताकद मज्जासंस्थेतून येते. मेंदू एका वेळी जास्त स्नायूतंतू कामाला लावायला शिकतो आणि विरुद्ध दिशेने ओढणारे स्नायू सैल सोडायला शिकतो. मोरिटानी आणि डीव्राइज या संशोधकांनी १९७९ मध्येच हे दाखवलं होतं. स्नायू जाड होणं त्यानंतरचं. त्यासाठी वजन हळूहळू वाढवणं, पोटभर प्रथिनं आणि झोप लागते.

आणि ते दुसऱ्या दिवशीचं अंग दुखणं? ते 'लॅक्टिक अॅसिड साचल्यामुळे' असं सगळीकडे सांगितलं जातं. पण धावताना तयार झालेलं लॅक्टेट तास-दीड तासात निघून जातं. दुखणं वर येतं २४ ते ७२ तासांत. ते असतं स्नायूतंतूंना झालेल्या बारीक इजांचं आणि त्यानंतरच्या दाहाचं. विशेषतः उतारावर धावताना किंवा वजन खाली आणताना, म्हणजे स्नायू ताणला जात असताना जोर लावला की हे जास्त होतं. तोच व्यायाम आठवड्याने पुन्हा केला तर दुखणं बरंच कमी असतं, कारण स्नायू एकदाच्या अनुभवानेही शिकतो.

मात्र एकदम शेकडो उठाबशा काढल्यावर स्नायू सुजले, हालचाल होईना आणि लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा झाला, तर तो 'गोड त्रास' नाही. स्नायू फुटून त्यातली द्रव्यं मूत्रपिंडात अडकत असतात. अशा वेळी थेट रुग्णालय गाठावं.

नडगी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच का दुखते?

आता ज्या कारणामुळे निम्मी तयारी वाया जाते त्याकडे. हाड दगडासारखं वाटतं, पण ते सतत मोडून पुन्हा बांधलं जातं. नवा भार आला की शरीर आधी जुनं हाड कुरतडून काढतं आणि मग त्या जागी नवं, मजबूत हाड भरतं. अडचण अशी की कुरतडणं साधारण तीन आठवड्यांत होतं आणि भरून यायला तीन महिने लागतात.

म्हणजे सराव सुरू केल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमाराला नडगीचं हाड काही ठिकाणी आधीपेक्षा कमजोर असू शकतं. आणि नेमकी हीच ती वेळ, जेव्हा रक्त वाढलेलं असतं, दम आलेला असतो आणि पोरगा म्हणतो, 'आता अंतर डबल करू.' इंजिन सुधारलं, पण चाकांचं काम अजून चालू आहे. पायाची कंडराही स्नायूपेक्षा सावकाश बदलते.

सुरुवात नडगीच्या आतल्या कडेला लांबट दुखण्याने होते. तेव्हाच भार कमी केला तर बहुतेक वेळा ते निवळतं. दुखणं एका बोटाने दाखवता येईल अशा ठिकाणी आलं, रात्रीही ठणकू लागलं, एका पायावर उडी मारता येईना, तर हाडाला सूक्ष्म चीर गेल्याची शक्यता असते. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये ती अनेकदा दिसतही नाही, त्यामुळे 'एक्स-रे नॉर्मल आहे, पळ' हा सल्ला धोकादायक ठरतो. वेदनाशामक गोळी खाऊन धावणारे तर शरीराची धोक्याची घंटाच बंद करतात. जगभरातल्या सैन्यांना हा प्रश्न नव्या भरती झालेल्या जवानांमध्ये वर्षानुवर्षं छळतोय.

मुलींच्या बाबतीत आणखी एक खूण आहे. सराव वाढला, खाणं तेवढंच राहिलं आणि पाळी चुकायला लागली, तर शरीराला ऊर्जा कमी पडते आहे असं समजावं. इस्ट्रोजेन घटलं की हाडंही कमजोर होतात. मैदानावर याबद्दल कुणी बोलत नाही, कारण शिकवणारे बहुतेक पुरुष असतात.

योग्य वेळ दिला तर हाड किती बदलतं? टेनिसपटूंच्या दोन हातांचे एक्स-रे शेजारी ठेवून पाहिले गेले आहेत. १९७७ च्या एका अभ्यासात पुरुष खेळाडूंच्या खेळत्या दंडाच्या हाडाची भिंत दुसऱ्या हातापेक्षा सुमारे ३५ टक्के जाड निघाली. माणूस तोच, आहार तोच, फरक फक्त भाराचा.

उकाडा आणि २०१४ चा जून

जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या ५ किलोमीटर धावण्याच्या चाचणीत उमेदवार कोसळले आणि काहींचा मृत्यू झाला. त्यावरून मोठा गदारोळ झाला, पुढे हे अंतर कमी झालं. पण उकाड्याचा प्रश्न अंतर कमी केल्याने पूर्ण सुटत नाही. राज्य राखीव पोलीस दलाच्या चाचणीत ५ किलोमीटर आजही आहेत.

धावताना तयार होणाऱ्या ऊर्जेचा बहुतांश भाग उष्णता बनतो. ती बाहेर टाकायचा मुख्य मार्ग घाम. पण घाम नुसता गळून उपयोग नसतो, तो वाळला पाहिजे. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत तो पटकन वाळतो. मुंबईच्या दमट हवेत तो कपड्यांवरून निथळत राहतो आणि शरीर आत तापत जातं.

शरीर उष्णतेचीही सवय करून घेतं. १० ते १४ दिवस उकाड्यात थोडा-थोडा सराव केला की घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो आणि त्यातून मीठ कमी जातं. नाडी आणि शरीराचं तापमानही कमी राहतं. पण ही सवय त्याच हवेत राहून होते. आदल्या रात्री एसटीने येऊन, फलाटावर किंवा फुटपाथवर अर्धवट झोपून, उपाशीपोटी सकाळी मैदानात उतरणाऱ्या उमेदवाराला ती संधी मिळत नाही. इथे चूक उमेदवाराची म्हणायची की व्यवस्थेची, हे वेगळं सांगायला नको.

कुणी धावताना बरळायला लागला, अडखळला, बेशुद्ध पडला आणि अंग भाजत असेल, तर तो उष्माघात समजावा. रुग्णवाहिका बोलवायचीच, पण ती येईपर्यंत थांबायचं नाही. सावलीत नेऊन अंगभर थंड पाणी ओतायचं, शक्य असेल तर गार पाण्यात बसवायचं, वारा घालायचा. अशा वेळी पहिली काही मिनिटंच जीव वाचवतात. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही.

सारखाच सराव, वेगळा निकाल

एकाच अकादमीत, एकाच शिट्टीवर धावणाऱ्या दोघांपैकी एक झेपावतो आणि दुसरा तिथेच राहतो. यामागे आळस असेलच असं नाही. नव्वदच्या दशकात अमेरिका आणि कॅनडात झालेल्या 'हेरिटेज' अभ्यासात क्लॉद बुशार आणि सहकाऱ्यांनी बैठी जीवनशैली असलेल्या कुटुंबांकडून २० आठवडे सारखा व्यायाम करून घेतला. ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता सरासरी मिनिटाला ४०० मिलिलिटरच्या आसपास वाढली. पण काहींची जवळपास वाढलीच नाही, तर काहींची एक लिटरहून जास्त वाढली. या फरकाचा जवळजवळ निम्मा भाग आनुवंशिक असावा, असं विश्लेषणातून दिसलं. ज्यांचा दम सावकाश वाढतो त्यांच्या साखर-रक्तदाबावर व्यायामाचा चांगला परिणाम होऊ शकतो, त्यामुळे 'माझ्या अंगाला लागत नाही' हे कारण पुरत नाही. फक्त त्यांना जाहिरातीच्या कितीतरी आधी सुरुवात करावी लागते. सहा महिने मिळाले तर उत्तम.

ज्यांना भरती द्यायची नाही त्यांचं काय?

पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय माणसात चरबी जास्त आणि स्नायू कमी असू शकतात, हे त्या एका फोटोने जगाला सांगितलं. रक्तातली साखर सर्वाधिक प्रमाणात शोषून घेणारी जागा स्नायूच असल्यामुळे हे महत्त्वाचं. काम करणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहताही साखर आत ओढतो, म्हणून जेवणानंतरची शतपावली खरोखर उपयोगी पडते.

वय झालं म्हणून ही दारं बंद होत नाहीत. १९९० मध्ये बॉस्टनमध्ये एका वृद्धाश्रमातल्या ८६ ते ९६ वर्षांच्या दहा जणांना आठ आठवडे पायांचे वजनाचे व्यायाम दिले गेले. एक जण मधेच थांबला. उरलेल्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

आणि सोडून दिलं तर?

ग्राऊंड निघालं की बूट कोपऱ्यात जातात. ज्या क्रमाने कमावलं, साधारण त्याच क्रमाने ते जायला लागतं. वाढलेला प्लाझ्मा काही दिवसांत उतरतो, दोन-तीन आठवड्यांत दम कमी झालेला कळतो, ताकद त्यामानाने जास्त टिकते.

हे किती वेगाने होतं याचा सगळ्यात बोलका पुरावा टेक्सासमधल्या डॅलसचा आहे. १९६६ मध्ये तिथे विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं गेलं. त्यांची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता पाव हिश्श्याहून जास्त घसरली. नंतर दोन महिन्यांच्या सरावाने ती भरून निघाली. तीस वर्षांनी, १९९६ मध्ये, संशोधकांनी त्याच पाच जणांना पुन्हा बोलावलं. आता ते पन्नाशीचे होते, वजन सरासरी ७७ वरून १०० किलोवर गेलं होतं, शरीरातली चरबी दुप्पट झाली होती. तरीही तीस वर्षांच्या वयाने त्यांचं जेवढं नुकसान केलं होतं, त्याहून जास्त नुकसान विशीतल्या त्या तीन आठवड्यांच्या झोपण्याने केलं होतं. या वेळी त्यांना घाई न करता चालणं, धावणं आणि सायकल, अशी सहा महिन्यांची तयारी दिली गेली. सहा महिन्यांनंतर त्यांची सरासरी क्षमता १९६६ मध्ये झोपण्याआधी होती, तिथे परत आली.